अर्धी झाडलेली पट्टी

आधी माफी मागून घेते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की सगळी अक्षरं चुलीच्या धुरापासून तोंड फिरवल्यासारखी एका बाजूला कलली आहेत. मी चौथी पास आहे. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती, आणि नाल्याला पूर आला की शाळा बुडायची, म्हणून घरच्यांनी मलाच बाहेर काढलं. त्यानंतर या हाताने फक्त सही केली, आणि याच वहीच्या पुढच्या पानावर पंधरा ओळी लिहिल्या. त्या ओळी कशाच्या, ते सांगायलाच बसले आहे.

ही वही मी तांदळाच्या डब्याखाली ठेवते. कोणी वाचणार नाही. तरी माफी मागते आहे, कारण माझा स्वभावच तसा. मी कोंबडी हाकलतानासुद्धा आधी तिला बाजूला व्हायची विनंती करते.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची. आमचं गाव गोंडपिपरीच्या बाजूला, जंगलाला लागून. गावात मी शांत बाई म्हणून ओळखली जात होते. भांडणात मी नाही, नळावरच्या आरडाओरड्यात मी नाही, नवऱ्याला उलट बोलत नाही. खरं कारण मला एकटीला माहीत होतं. मला चार लोकांत तोंड उघडायची भीती वाटायची. राग मलाही यायचा. तो दारापर्यंत यायचा, बाहेर कोण कोण बसलंय ते बघायचा आणि परत आत जाऊन बसायचा. पण लोक शांत म्हणतात तर म्हणू द्यावं. फुकटात मिळालेली वस्तू कोण परत करतो?

त्या वर्षी पौर्णिमेला विहारात तालुक्याहून एक म्हातारे गृहस्थ बोलायला आले होते. हळू आवाजात बोलले. ऊन, वारा, लोकांची जीभ हे आपल्या हातात नाही, म्हणाले. आपण काय करतो तेवढंच आपल्या हातात आहे, आणि ज्याचा स्वतःच्या मनावर ताबा आहे त्याला दुसऱ्या कोणाची भीती नाही. मला ते फार आवडलं. तेवढ्यात वंदना म्हणणारी बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या गावात हाये ना अशी एक. हिले राग कसा राह्यते ते मालूमच नाई!"

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मी मान खाली घातली. लाजले असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे हसू लपवत होते. घरी येताना मी मुद्दाम सावकाश चालले, मनावर ताबा असलेली बाई चालत असेल तशी. वाटेत पायात काटा गेला. हा काटा बाहेरचा आहे, माझ्या मनाशी त्याचा संबंध नाही, असं म्हणून दहा पावलं चालून पाहिलं. मग खाली बसून काढला.

हे झालं पौर्णिमेला. माझा ताबा चौथ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

माझ्याकडे मोहाची फुलं वेचायची एक टोपली होती. मी बुटकी आहे. बाजारातली टोपली कमरेवर घेतली की माझ्या काखेत येते. म्हणून मी बुरडाला सांगून माझ्या मापाची विणून घेतली होती. हलकी, काठ गुळगुळीत, हाताला बांबूची एक शीर टोचायची नाही. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बहीण आली होती. तिला ती टोपली आवडली. मालक लाकडाच्या डेपोवर चौकीदार होते, हात सढळ. ती निघाली तेव्हा त्यांनी टोपली तिच्या हातात देऊन टाकली आणि मग मला विचारलं, "तुले काई नाई ना?"

मी म्हणाले, "नाई. बरं केलं."

आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच अभिमान वाटला. नणंद गेली. मालक जेवून कामावर गेले. मी भांडी घासली. एक पितळी गंज इतका घासला की कल्हई निघाली. मग खराटा उचलला, काडीपेटी पदरात बांधली आणि शेताकडे निघाले.

मोह गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात. जमीन काळी झाली की त्यावर पडलेली पिवळी फुलं नीट दिसतात, वेचायला सोपी जातात. पण त्याची रीत आहे. पहाटे जायचं, दव असताना. दोघांनी जायचं. झाडाच्या भोवती हातभर रुंद पट्टी मातीपर्यंत झाडून घ्यायची, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. जवळ पाण्याचा हंडा आणि पळसाची ओली फांदी ठेवायची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला तर शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

मी गेले भर दुपारी. एकटी. हंडा नेला नाही. पट्टी झाडायला घेतली, पण प्रत्येक खराट्यागणिक मनात म्हणत होते, तुले काई नाई ना, तुले काई नाई ना. अर्धी पट्टी झाली तेव्हा हात दुखायला लागला. उरलेल्या बाजूला पाला विरळ आहे असं मी ठरवलं. तो विरळ नव्हता. मी तिकडे पाहिलंच नाही. काडी ओढली.

पाला जळायला लागला तसं मला बरं वाटलं. थोडा वेळ उभी राहिले, मग आग बसली असं समजून नाल्याच्या काठी जाऊन बसले. तिथे एक वारूळ आहे. त्या वारुळाला मी मालक समजले आणि जे जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. हात हलवून हलवून. इतकं चांगलं मी जन्मात बोलले नव्हते. वारुळाला काही उत्तर सुचेना. मी उठले ती जिंकल्यासारखी, आणि वळून पाहते तर धूर आमच्या झाडाखाली नव्हताच. तो धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधापलीकडे होता.

धुऱ्यापलीकडे आत्याचं शेत. आत्या म्हणजे माझी सख्खी कोणी नाही. गोंडाच्या घरातली म्हातारी, नवरा वारलेला, एकटी राहायची. गावात सून म्हणून आलेली मी, तिला आत्या म्हणायची. तिच्या शेतात एक झोपडी होती. तिच्यात दोन चटया, मोहाच्या बियांचं एक पोतं, विळा. आणि झोपडीमागे गवताचे भारे रचून ठेवलेले. तिच्या घराचं छप्पर त्या वर्षी बदलायचं होतं. सबंध हिवाळाभर तिने एकटीने ते गवत कापलं होतं.

मी धावले. पळसाची फांदी मोडून आग झोडपत सुटले. ओरडले का, ते आठवत नाही. बहुतेक ओरडले नसेन, लोकांना त्रास कशाला. धूर बघून शेतातली माणसं आली. आग विझली तेव्हा झोपडी नव्हती, भारे नव्हते, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

मी आता सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "पाहा, बिचारी सगळ्यात आधी धावली. आपले हात जाळून घेतले दुसऱ्यासाठी."

दुसरा म्हणाला, "बुढीची बिडी असन. सकाळी इथीच बसली होती ना."

माझं तोंड मिटलं. मी इतक्या वर्षांत किती वेळा तोंड मिटलं असेल, पण त्या दिवशीच्या मिटण्याचा आवाज मला ऐकू आला.

आत्या आली. राखेकडे बघत उभी राहिली. मग काठीने राख उकरली, विळ्याचं पातं काढलं, दगडावर आपटलं. मूठ जळून गेली होती. "विळा हाये," म्हणाली. एवढंच. रडली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. जळलेलं एकीकडे, उरलेलं एकीकडे करायला लागली. उरलेलं फार नव्हतं. पण कोणी दुसऱ्यांदा बिडीचं बोललं तेव्हा तिचा हात थांबला.

"मी तं विझवली होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "विझवली होती वाट्टे."

त्या "वाट्टे"ने माझी झोप गेली.

चार दिवसांत सगळं गाव म्हणायला लागलं की म्हातारीचं डोकं आता ठिकाणावर नाही. तीही तसंच म्हणायला लागली. चूल विझवली का, म्हणून दोनदा घरी परत जाऊन बघायची. तिचा मुलगा वडशाला धानाच्या गिरणीत हमाल होता. त्याला निरोप गेला. तो येऊन आईला घेऊन जाणार, असं ठरलं. आत्याला वडशाला जायचं नव्हतं. तिचं शेत, तिचा मोह, तिच्या सात कोंबड्या इथे होत्या. पण ज्या बाईला स्वतःच्या हातावर भरवसा नाही ती नाही कशी म्हणणार?

मी सांगायचं ठरवलं. वाक्य तयार केलं: आत्या, आग तुमच्या बिडीने नाही लागली, मी लावली. चुलीला म्हणून दाखवलं, बकरीला म्हणून दाखवलं. बकरीने ऐकून घेतलं. मग आत्याकडे गेले. ती म्हणाली, "काऊन वो बाई?" मी म्हणाले, "मीठ पाह्यजे होतं थोडं." मीठ घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि सूप घेऊन आले. घरी माझी स्वतःची दोन सुपं होती.

तिसऱ्या दिवशी मनाशी पक्कं केलं की आज काहीही मागायचं नाही. दारात उभी राहिले. आत्याने वर पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "आत्या, विस्तव द्या ना जरासा."

जिची झोपडी मी जाळली तिच्याकडे मी विस्तव मागितला. आणि तिने दिला, खापरीत घालून, वर राख टाकून, म्हणाली, "जपून ने वो. वारा हाये."

मी रस्त्यात थांबून रडले. खापरी गरम होती, म्हणून फार वेळ रडता आलं नाही.

विहारातल्या गृहस्थांचं बोलणं मला आठवत होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. मी इतके दिवस समजत होते की माझा माझ्या मनावर ताबा आहे. ताबा कसला! माझ्या तोंडावर भीतीचा ताबा होता, आणि माझ्या हातावर टोपलीचा. राग गिळला म्हणून तो पोटात जिरत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंडातून काढला नाही, काडीतून काढला.

मुलगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघायचं होतं. मी भाकरी थापत होते. खिडकीतून पाहिलं तर आत्या चालली होती. हातात कोंबड्यांची पाटी, तिच्यावर फडकं बांधलेलं. मुलाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. मी भाकरी तव्यावर टाकली आणि थोडी फुगायची वाट बघितली, खोटं कशाला सांगू. मग तशीच पिठाच्या हाताने पळाले.

बस उभी होती. कंडक्टर पेटी वर चढवायला सांगत होता. पंधरा-वीस माणसं होती. मी आत्यासमोर जाऊन उभी राहिले. आत्या म्हणाली, "आता काय पाह्यजे वो बाई? सगळं तं पेटीत गेलं."

लोक हसले. मी म्हणाले, "आग मी लावली."

कोणालाच ऐकू गेलं नाही. बसचं इंजिन चालू होतं.

"काय म्हनतं?" आत्याने विचारलं.

तेव्हा मी ओरडले. मला माहीत नव्हतं माझ्यात इतका आवाज आहे. "तुमची झोपडी मी जाळली! बिडीनं नाई जळली! मी पाला पेटवला होता!" कंडक्टरने दचकून इंजिन बंद करायला सांगितलं. त्यामुळे शेवटचे शब्द अगदी शांततेत पडले.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती मुलाकडे वळली. "पाह्य. माह्या डोक्याले काई झालं नाई. मी बिडी विझवली होती." आणि एकदम हसली. दात नसलेलं तोंड उघडून. त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं, माफीही नव्हती. तिला तिचं डोकं परत मिळालं होतं, तेवढंच.

मग माझ्याकडे वळली. "किती वाजता लावला पाला?"

"दुपारी."

"दुपारी? दुपारी कोनं पाला जाळते का वो? संगं कोन होतं?"

"कोनी नाई."

"हंडा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पट्टी झाडली होती?"

"अर्धी."

"अर्धी!" असं ती म्हणाली तेव्हा बसमधली माणसंही च्-च् करायला लागली. आग लावल्याचं त्यांना तितकं वाटलं नव्हतं. अर्धी पट्टी मात्र कोणालाच सहन झाली नाही.

"वारा सुटला, आत्या," मी म्हणाले.

"वारा सुटनच. त्याले काय सांगतं? वारा तुह्या हातात होता का? खराटा होता ना?"

विहारातल्या गृहस्थांनीही हेच सांगितलं होतं, फक्त हळू आवाजात. आत्याने बसस्टॉपवर सांगितलं, त्यामुळे जास्त लक्षात राहिलं.

मुलगा म्हणाला, "आई, चाल ना. छपराचं गवत तं जळलंच. पान्यात कुठी राह्यशीन?"

आत्या म्हणाली, "ही देईन ना छप्पर." मला विचारलंही नाही. "गवत आता दिवाळीपर्यंत भेटत नाई. कवेलू लागतीन. उतरव पेटी."

कुंभाराने कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तीनशे रुपये सांगितले. मुलाने ते गिरणीवरून उचल घेऊन भरले, कारण पाऊस माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी ते आत्याला द्यायचे, आत्याने मुलाला.

मालकांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. टोपलीपासून.  ते म्हणाले, "मी तुले गरीब गाय समजत होतो वो." आणि मग, "टोपलीसाठी तीनशे रुपये? मले तवाच एक शिवी दिली असती तं फुकटात झालं असतं." छपराचे वासे त्यांनी डेपोच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः चढून बसवले. शेवटी विचारलं, "परत आनू का टोपली?"

मी सवयीने म्हणाले, "राहू द्या." दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "आना."

त्यांनी आणली. नणंद आठ महिने बोलली नाही. तिचं बोलणं माझ्या हातात नव्हतं. पण खरं सांगते, त्या आठ महिन्यांत रोज वाटायचं की टोपली डोक्यावर घेऊन तिच्या गावी पोचवून यावी.

पैसे मी वीस-वीस करून दिले. मोहाचे, बिडीपत्त्याचे, धानकापणीच्या मजुरीचे. आत्याला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं. दर विसाला ती मोहाची एक बी गाडग्यात टाकायची. तिची अट एकच होती. पैसे मी अंगणात उभं राहून, एकेक रुपया, मोठ्याने मोजून द्यायचे.

पहिल्यांदा मी मोजायला लागले तर ती म्हणाली, "कानात कायले सांगतं? मोठ्यानं मोज. तुह्या तोंडाचा मले भरवसा नाई."

मी थोडं मोठ्याने मोजलं. शेजारची बाई कुंपणाशी येऊन बघायला लागली. माझी जीभ अकरावर अडकली. आत्याने पुन्हा एकपासून मोजायला लावलं. तिसऱ्या वेळी तिने मला सातदा मोजायला लावलं, आणि मला वाटतं त्यातल्या चार वेळा तिने नुसती गंमत म्हणून लावलं. घरी येऊन मी या वहीत तारीख आणि वीस असं लिहायची. माझ्या धाकट्या मुलीच्या वहीत पानं उरली होती, ती मी मागून घेतली होती.

मधल्या काळात मी फार सुधारले असं कोणी समजू नये. एका दिवाळीला मालकांनी माझा नवा कंदील कोणाला तरी दिला. मी पुन्हा म्हणाले, "बरं केलं." उंबरठ्यापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "बरं नाही केलं."  मालक लगेच उठून कंदील आणायला गेले. इतकं सोपं होतं, आणि मी त्यासाठी एक झोपडी जाळली होती.

तिसऱ्या वर्षी, मोह गळायच्या आधी, पाला जाळायचे दिवस आले. आत्या पहाटे मला हाक मारून उठवायची. दोघी जायचो, दोन हंडे घेऊन. पट्टी मी झाडायची आणि ती मागून काठी टेकत यायची, एक पान जरी राहिलं तरी काठीने दाखवायची. आमच्या झाडाची पट्टी गावात सगळ्यात रुंद असते. लोक हसतात. हसू देत.

तिच्या झाडाखालचा पाला जाळून झाला त्या सकाळी आम्ही तिच्या अंगणात आलो. धानकापणीचे शेवटचे वीस रुपये माझ्या पदरात होते. एकच्या नोटा आणि बाकी सुटे. मी अंगणाच्या मध्ये उभी राहिले. एक, दोन, तीन. रस्त्याने नळावर जाणाऱ्या बाया थांबल्या. अकरा आलं आणि गेलं. एकोणीस. वीस.

"पुरे गाव ऐकते वो," आत्या म्हणाली. "जरा हळू."

तिने गाडगं उपडं केलं. चौदा बिया होत्या. कमरेच्या चंचीतून पंधरावी काढून तिने त्यांच्याजवळ ठेवली. मी घरी आले, वही उघडली आणि पंधरावी ओळ लिहिली. पंधरा विसा, तीनशे. पूर्ण फेडले.